बारा फुटांची नळी आणि डेनिस ब्रेन

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला आपली मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे निघाली तेव्हा तुतारी वाजली, ते पुष्कळांना आठवत असेल. सूर चढला, वर गेला आणि नेमका टोकाला जाऊन घसरला. झांजपथकातली पोरे हसली. खोटे कशाला सांगा, आम्हीही हसलो. तुतारीवाले मामा काही बोलले नाहीत. तोंड पुसून त्यांनी पुन्हा फुंकली आणि या वेळी सूर लागला.

पुढे पावसाळाभर आम्हाला त्या हसण्याची जरा लाज वाटत राहिली. त्याचे कारण डेनिस ब्रेन. हा इंग्रज माणूस १९५७ साली वारला, म्हणजे आमच्या जन्माच्या कितीतरी आधी. त्याचे नाव आम्हाला पहिल्यांदा सांगितले ते शेजारच्या एका निवृत्त फौजी बँडवाल्या काकांनी. कॅम्पातून शाळेला जाताना मराठा रेजिमेंटच्या बँडचा सराव कानावर पडायचा, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणात आहेच. त्या सरावात गोगलगायीसारखे गुंडाळलेले एक पितळी वाद्य असे. त्याला फ्रेंच हॉर्न म्हणतात, आणि काका सांगत की सगळ्या बँडमध्ये हेच एक घोडे असे आहे की कधी पाडील याचा नेम नाही. त्यांच्याकडे मोझार्टच्या हॉर्न कन्चेर्टोंची एक झिजलेली कॅसेट होती. ती लावून ते म्हणत, "ऐक, हा माणूस एकदाही पडत नाही."

आम्ही डिप्लोमाचे, आणि नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामातली. त्यामुळे आम्हाला संगीतापेक्षा नळी आधी समजते. फ्रेंच हॉर्न सरळ केला तर सुमारे बारा फुटांची नळी होते. एका टोकाला बोटाच्या पेराएवढे तोंड, दुसऱ्या टोकाला परातीएवढा कर्णा. आत ना पडदा, ना भोक. ओठ ताणून फुंकले की नळीतली हवा ठरावीक पायऱ्यांवरच उभी राहते. खालच्या पायऱ्या लांब लांब: सा, मग वरचा सा, मग प, पुन्हा सा, मग ग आणि प. हा गांधार म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तोच स्वयंभू गांधार. निसर्ग एकच आहे. तो तारेतून बोलतो तसा नळीतून बोलतो. पण जसजसे वर जावे तसतशा पायऱ्या जवळ येत जातात. आठव्या पायरीनंतर सा, रे, ग अशा लगत, आणि अकरावी तर धड शुद्ध मध्यम नाही की तीव्र नाही, मध्येच कुठेतरी. हॉर्नचे सगळे सौंदर्य याच वरच्या दाटीत आहे आणि सगळा धोकाही तिथेच. ओठ केसभर चुकला की सूर शेजारच्या पायरीवर जाऊन पडतो, आणि भर सभेत तो पडल्याचे आंधळ्यालाही कळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कळा निघाल्या. त्या दाबल्या की नळीची लांबी बदलते आणि मधले सूर मिळतात. पण घसरण्याचा धोका कळांनीही गेला नाही.

यंदा गणपतीच्या ठरावासाठी तुतारीवाल्या मामांकडे गेलो तेव्हा आम्ही सुतळी घेऊनच गेलो होतो. तुतारीच्या बाकाने सुतळी फिरवली. पाच फुटांना थोडी कमी भरली. मामांना गंमत वाटली. म्हणाले, "आमच्या बापानं कधी मोजली न्हाई सायेब, मी कशाला मोजू?" आम्ही त्यांना बारा फुटांच्या नळीचे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग घसरणारच की ओ."

डेनिस ब्रेनचाही बाप होता आणि बापाचा बापही. आपल्याकडे ज्याला घराणे म्हणतात तसेच हे. आजोबा आल्फ्रेड ब्रेन लंडनच्या वाद्यवृंदांत हॉर्न वाजवत. त्यांच्या दोन मुलांनी तेच वाद्य धरले. थोरला आल्फ्रेड अमेरिकेत जाऊन लॉस एंजेलिसला स्थायिक झाला. धाकटा ऑब्री १९३० साली बीबीसीचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा निघाला तेव्हापासून त्याचा पहिला हॉर्नवादक होता. आई मॅरियन बीली गायिका. तिच्याविषयी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. १९११ च्या दिल्ली दरबारानंतर एल्गार या संगीतकाराने लंडनच्या रंगमंचासाठी 'क्राउन ऑफ इंडिया' नावाचा एक तमाशेवजा प्रयोग रचला होता. त्यात हिंदुस्थानची शहरे बायकांची रूपे घेऊन येतात, कलकत्ता आणि दिल्ली राजधानीसाठी भांडतात. त्या प्रयोगात १९१२ साली आग्रा शहर होऊन गायली ती ही मॅरियन बीली. प्रयोग साम्राज्याची आरती ओवाळणारा होता, त्याबद्दल आम्हाला प्रेम नाही. पण डेनिसची आई आग्रा झाली होती हे कळल्यावर ते घर एकदम ओळखीचे वाटू लागले.

डेनिसचा जन्म १७ मे १९२१ चा. घरात हॉर्न होता, पण पोराला त्याला ओठ लावायची सहज मुभा नव्हती. पक्के दात येईपर्यंत हे वाद्य हाती द्यायचे नाही, असा बापाचा दंडक होता. लहान डेनिसला मधूनमधून दोनचार सूर काढायला मिळत, तेवढेच. थोरला भाऊ लेनर्ड ओबो वाजवू लागला. पंधराव्या वर्षी डेनिस लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. तिथे हॉर्न शिकवणारे गुरू म्हणजे वडीलच. शिवाय तो ऑर्गन शिकला आणि तोही चांगला वाजवत असे. ६ ऑक्टोबर १९३८ ला, सतराव्या वर्षी, तो पहिल्यांदा लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये लोकांपुढे बसला. बाखचा पहिला ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टो होता, त्यात दोन हॉर्न लागतात. पहिला बापाचा, दुसरा पोराचा. आपल्याकडे गवयाच्या मागे मुलगा तंबोरा घेऊन बसतो, तसेच ते दृश्य असणार.

पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. दोघे भाऊ हवाई दलाच्या बँडमध्ये भरती झाले. आता बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परेड येते. पण त्या काळात लंडनचे निवडक वादक या हवाई दलाच्या बँडमध्ये आणि त्यातून निघालेल्या वाद्यवृंदात एकत्र आले होते. गणवेश घालून त्यांनी युद्धभर उत्तम संगीत वाजवले. तिथेच १९४२ साली बेंजामिन ब्रिटन या तरुण संगीतकाराने डेनिसला ऐकले. रेडिओच्या एका कार्यक्रमासाठी त्याचे संगीत हा वाद्यवृंद वाजवत होता. डेनिसने त्याच्याकडे एक रचना मागितली, आणि १५ ऑक्टोबर १९४३ ला लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये ब्रिटनचे 'सेरेनेड' पहिल्यांदा वाजले. एक टेनर गायक, एक हॉर्न आणि तारवाद्ये. गायक होता पीटर पिअर्स.

हे 'सेरेनेड' आमच्या मते ऐकलेच पाहिजे असे आहे, आणि तेही तुतारी डोक्यात ठेवून. सुरुवात एकट्या हॉर्नने होते आणि तिथे ब्रिटनने कळा वापरायला मनाई केली आहे. म्हणजे कळा निघाल्यानंतर सव्वाशे वर्षांनी तो वादकाला म्हणतो, नुसती नळी वाजव. निसर्गाने दिले तेच सूर दे. मग तो ना मध्यम ना तीव्र असा अकरावा सूर तसाच उघडा येतो. पियानोच्या पट्टीत वाढलेल्या कानाला तो चुकलेला वाटतो. आपल्या कानाला तितका वाटत नाही, कारण आपण श्रुतींच्या मुलखातले. आम्ही तो भाग प्रथम ऐकला तेव्हा आम्हाला रानातले कुणीतरी साद घालतेय असे वाटले. मधली गाणी संपत आली की शेवटच्या गाण्यात हॉर्न गप्प असतो. त्या वेळात वादक उठून पडद्याआड जातो, आणि सुरुवातीचीच धून शेवटी आतून, लांबून ऐकू येते. रंगमंचावर त्याची खुर्ची रिकामी असते.

युद्ध संपल्यावर लंडनमध्ये दोन नवे वाद्यवृंद उभे राहिले. वॉल्टर लेगने १९४५ साली फिलहार्मोनिया काढला, टॉमस बीचमने १९४६ साली रॉयल फिलहार्मोनिक. दोन्हींना पहिल्या हॉर्नच्या खुर्चीवर डेनिसच हवा होता, आणि काही वर्षे तो दोन्हीकडे बसला. एका खुर्चीचेच ओझे माणसाला वाकवते. त्यात एकल कार्यक्रम, रेडिओ, ध्वनिमुद्रणे, आणि स्वतःचा सुषिर वाद्यांचा छोटा संच. तो लंडनहून निघे, रात्रभर मोटार हाकी, दुसऱ्या गावी वाजवी आणि परत येई. मोटारींचे त्याला वेडच होते.

आता फिलहार्मोनियाच्या पैशांची गोष्ट. ही आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायची आहे, कारण ती आपल्या राज्यातली आहे. चांगला वाद्यवृंद पोसणे म्हणजे हत्ती पोसणे. १९४९ च्या सुमारास लेगला हात दिला तो म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी, वर्षाला दहा हजार पौंड, तीन वर्षे. हे महाराज संगीतातले नुसते हौशी नव्हते. कर्नाटक संगीतात त्यांनी 'श्रीविद्या' या मुद्रेने नव्वदांवर कृती रचल्या आहेत, आणि पाश्चात्त्य संगीताच्या लंडनच्या परीक्षाही दिल्या होत्या. मेटनेर हा रशियन संगीतकार म्हातारपणी लंडनमध्ये विपन्नावस्थेत राहत होता. त्याच्या रचनांची ध्वनिमुद्रणे महाराजांनी स्वखर्चाने करवली, आणि मेटनेरने आपला तिसरा पियानो कन्चेर्टो त्यांना अर्पण केला. तेव्हा आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हैसूरशी आपली गाठ १९५६ साली पडली, आणि हेच महाराज नव्या राज्याचे राज्यपाल झाले. त्या गाठीवर इथे लिहायचे नाही. त्यासाठी वेगळी स्मरणिका लागेल, आणि आम्ही सरकारी नोकर. पण म्हैसूरच्या पैशाने कोणाकोणाचे श्वास चालत होते हे बघताना आम्हाला आनंद झाला, एवढे नमूद करतो.

त्या पैशाने घडलेली सर्वांत मोठी गोष्ट २२ मे १९५० ची. रिचर्ड स्ट्राउस आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये वारला होता. मरणापूर्वी त्याने सोप्रानो आणि वाद्यवृंदासाठी चार गीते लिहून ठेवली होती. ती प्रथम गाइली गेली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. गायिका कर्स्टन फ्लागस्टाट, संचालक फुर्टव्हेंग्लर, वाद्यवृंद फिलहार्मोनिया. खर्चाची हमी म्हैसूरच्या महाराजांची. त्यांना जाता येण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करून पाठवण्यात आले. त्या चारांतले 'सप्टेंबर' हे गीत हॉर्नच्या एकट्या आवाजावर संपते. स्ट्राउसचे वडील म्युनिकचे नामांकित हॉर्नवादक होते. चौऱ्याऐंशीच्या घरातल्या मुलाने शेवटी वडिलांच्या वाद्याकडे तोंड वळवले. फिलहार्मोनियात ती खुर्ची डेनिस ब्रेनची. म्हैसूरच्या राजवाड्यात ती तबकडी फिरली असेल तेव्हा खिडकीबाहेर कोणता ऋतू होता, असा विचार आमच्या मनात उगाच येतो.

आपल्या मंडळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या गेल्या वर्षी आम्ही चाळल्या. मांडववाल्याचे नाव आहे, मूर्तिकाराचे आहे, मंडपातल्या विजेचे काम करणाऱ्याचेही आहे. तुतारीसमोर फक्त 'तुतारीवाला' आणि रक्कम. कैक वर्षे हाच शब्द. मामांच्या वडिलांचे नाव वहीत कुठेच सापडले नाही.

१९५१ साली डेनिसने एक धाडस केले. तोवर तो बापासारखाच अरुंद नळीचा फ्रेंच बनावटीचा हॉर्न वाजवत असे. त्याचा आवाज बारीक, झळाळता, पण पकडायला महाकठीण. डेनिसने तो ठेवून जर्मनीच्या अलेक्झांडर कारखान्याचा हॉर्न घेतला. नळी रुंद आणि लांबीला कमी, सुमारे नऊ फूट. नळी आखूड झाली की तेच सूर खालच्या, मोकळ्या पायऱ्यांवर मिळतात, पाय घसरायची भीती कमी होते. बाप ऑब्री जुन्या फ्रेंच वाद्याचा कट्टर अभिमानी. घराण्याचे वाद्य सोडायचे आणि तेही बाप हयात असताना, हे कोणत्याही देशात सोपे नाही. जुन्या रसिकांनी नाके मुरडली. पण दोन वाद्यवृंदांत रोज उभे राहून हजारोंपुढे एकही सूर न सांडण्याची ज्याच्यावर जबाबदारी, त्याने नळी आखूड करावी यात आम्हाला तरी हिशेब दिसतो. ऑब्री १९५५ साली गेला.

काकांची ती कॅसेट या नव्या हॉर्नवरचीच होती. नोव्हेंबर १९५३, संचालक कारायान, मोझार्टचे चारही हॉर्न कन्चेर्टो. मोझार्टने हे मुख्यतः लॉइटगेप या आपल्या हॉर्नवादक मित्रासाठी लिहिले, आणि एका हस्तलिखितावर त्याला गाढव आणि बैल अशी विशेषणे बहाल केली आहेत. मैत्री अशी पाहिजे! डेनिसने हे ध्वनिमुद्रण करताना समोरच्या स्टँडवर स्वरलिपीऐवजी मोटारींचे मासिक ठेवले होते, अशी कथा सांगतात. कन्चेर्टो त्याला तोंडपाठच होते. कारायानलाही मोटारींचा नाद होता, तेव्हा तो रागावला नसावा. त्या मुद्रणात आम्हाला जे सर्वांत मोठे वाटते ते म्हणजे कुठेही झटापट ऐकू येत नाही. उंच जागी जाताना श्वास रोखून धरावा लागतो तो ऐकणाऱ्याला, त्याला नाही.

या माणसाला स्वतःच्या वाद्याची थट्टाही करता येत असे. १३ नोव्हेंबर १९५६ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एक विनोदी संगीतमहोत्सव झाला. त्यात डेनिसने मोझार्टच्या वडिलांची एक रचना बागेला पाणी घालायच्या रबरी पाइपवर वाजवली. सूर जुळेना तेव्हा बागेच्या कात्रीने पाइप कापून लांबी जुळवली. लोक हसून लोळले. आम्ही मात्र हे वाचल्यावर खात्याच्या गोदामातल्या पाइपाच्या वेटोळ्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. पाइप कोणताही असो, वाजतो तो ओठ.

त्याच्यासाठी रचना लिहिणारे एकटा ब्रिटन नव्हते. हिंडेमिटने त्याच्यासाठी हॉर्न कन्चेर्टो लिहिला. स्ट्राउसचे दोन्ही हॉर्न कन्चेर्टो त्याने १९५६ साली मुद्रित केले. यानंतरची कहाणी थोडी आहे.

३१ ऑगस्ट १९५७. एडिंबरा महोत्सवात फिलहार्मोनियाने ऑर्मंडीच्या संचालनाखाली चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी वाजवली. कार्यक्रम संपल्यावर डेनिस आपल्या ट्रायंफ मोटारीत बसला आणि लंडनकडे निघाला. एकटाच. सहाशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता, रात्रभराचा. घर फार लांब राहिले नव्हते. सप्टेंबरची पहिली सकाळ, सहाचा सुमार. हॅटफील्ड गावापाशी मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली. तो जागीच गेला. वय छत्तीस. मागे पत्नी आणि दोन लहान मुले. रात्रपाळीची गाडी हाकून पहाटे घरी येणारे आपल्यातही आहेत, त्यांना त्या शेवटच्या तासाचे डोळे काय असतात ते ठाऊक आहे.

त्याच महिन्यात फिलहार्मोनियाने लंडनमध्ये स्ट्राउसचा 'काप्रिचियो' हा ऑपेरा मुद्रित करायला घेतला. त्यात चांदण्याच्या प्रसंगाला हॉर्नचा एक लांबलचक, शांत विस्तार आहे. तो वाजवायला पहिल्या खुर्चीवर ॲलन सिव्हिल बसला. पुढे तीच खुर्ची त्याच्याकडे कायम झाली. बीटल्सच्या १९६६ च्या एका गाण्यात मधेच हॉर्न येतो, तोही या सिव्हिलचाच.

फ्रान्समध्ये पुलांकने त्याच वर्षी डेनिसच्या स्मरणार्थ हॉर्न आणि पियानोसाठी विलापिका लिहिली. ती प्रथम वाजवली नील सँडर्सने, जो फिलहार्मोनियात डेनिसच्या शेजारी दुसरा हॉर्न वाजवत असे. पियानोवर स्वतः पुलांक. ब्रिटननेही चार हॉर्न आणि तारवाद्यांसाठी एक रचना हाती घेतली, ती त्याच्याकडून पुरी झाली नाही.

मोटारीत हॉर्न बरोबर होता. तो पार चेपला होता. लंडनच्या पॅक्समन या हॉर्न बनवणाऱ्यांनी तो ठोकून सरळ केला, आणि आज तो रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या संग्रहालयात आहे, जिथे पंधरा वर्षांचा डेनिस वडिलांपुढे बसून शिकला.